खिडकीतून दिसतं ते मैदान

माझ्या टपरीच्या खिडकीतून
दक्षिणेकडचा गोल तेवढा दिसतो.
उत्तरेकडचा दिसत नाही, मध्ये कपडे बदलायच्या खोलीची भिंत,
आणि भिंतीपलीकडे कॉड वाळवायच्या माच्या.
एकतीस वर्षं मी इथे वॉफल भाजते, कॉफी ओतते,
म्हणून तुझे निम्मे गोल मी पाहिलेत, टोरलाइव,
उरलेले ऐकलेत.

ऐकलेला गोल कसा असतो सांगू?
आधी सगळं गाव श्वास धरतं.
मग पत्र्याच्या छपरावरून बर्फाचा थर घसरावा
तसं काहीतरी कोसळतं
आणि रांगेतलं शेवटचं गिऱ्हाईक
मोड न घेताच पळतं.

अकरा वर्षांचा होतास तेव्हा
बापाच्या नावघराच्या दारावर
डाव्या पायाने बॉल आपटायचास, जेवणाची हाक येईपर्यंत.
आस्ब्योर्न हंगाम संपवून किनाऱ्याला लागला की
आधी दाराच्या बिजागऱ्या बदलायचा,
मग तुझ्याशी बोलायचा.
त्यातही फार बोलायचा असं नाही.

आमच्या बोलीत तुझ्या जागेला 'टोक' म्हणतात.
संघाचं टोक. भाल्याला असतं तसं,
पेन्सिलीला असतं तसं.
टोक आधी झिजतं
हे तेव्हा कोणीच बोललं नाही.
मीही नाही. मी तुला जास्तीचा जॅम वाढत होते.

बेल्जियमला दोन हंगाम होतास.
तिथून एकच पोस्टकार्ड आलं, टपरीच्या पत्त्यावर:
'इथले वॉफल तुझ्याहून चांगले आहेत, गुनव्होर,
पण बसून खावे लागतात.'
'बसून' हा शब्द एकदा खोडून
पुन्हा लिहिला होतास.

परतलास ते गुडघ्यात दोन स्क्रू घेऊन.
तरी चार वर्षं खेळलास,
थंडीत पाय ओढत, उन्हाळ्यात ओढत नाही असं दाखवत.
आणि ती पेनल्टी,
जिच्यावर वरच्या विभागात जाणं अवलंबून होतं,
ती उत्तरेकडच्या गोलवर होती.
मी ऐकली. म्हणजे,
काहीच ऐकलं नाही.
साच्यातलं वॉफल करपलं, तो वास आठवतो.

आता तू प्रशिक्षक.
रेषेबाहेर, नेमका माझ्या खिडकीसमोर उभा राहतोस,
म्हणजे माझ्या वाट्याला अर्ध्याचंही अर्धं.
तुझी पाठ मला पाठ झालीय.
जिंकत असलो की उजवा खांदा खाली येतो.
हरत असलो की टोपी काढतोस, मग पुन्हा तीच घालतोस.
आणि आपला कोणी पेनल्टी बॉक्समध्ये शिरला
की तुझा डावा पाय
जमिनीपासून दोन बोटं उचलला जातो.
हे तुला ठाऊक नाही. सांगणारही नाही.

जानेवारीत, दुपारी बाराच्या काळोखात,
दिव्यांखाली तू आणि तो फिलमोन, दोघंच.
बाकीची पोरं केव्हाच घरी गेलेली.
त्याची आई इथल्या मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला असते.
'बॉलकडे बघू नकोस,' तू म्हणतोस,
'गोलकीपरचा भार कुठल्या पायावर आहे ते बघ.'
'गोलकीपर कुठाय?' तो विचारतो.
तू गोलमध्ये जाऊन उभा राहतोस,
भार दुखऱ्या पायावर. पोरगा बरोबर दुसरीकडे मारतो.

परवा, जूनमधल्या त्या सामन्यात,
रात्री नऊचं ऊन थेट डोळ्यांत,
बरोबरी, शेवटचा मिनिट, पेनल्टी.
उत्तरेकडे.
फिलमोनने बॉल हातात घेतला असं कोणीतरी ओरडलं
आणि तू वळलास.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
सामना चालू असताना तुझा चेहरा माझ्याकडे.
केवढा म्हातारा झालायस रे.
'चीज घालू?' मी विचारलं.
'थांब,' तू म्हणालास.

आपण दोघांनी ऐकलं.

छपरावर बर्फ नव्हताच, जून होता,
तरी घसरला.
तुझ्या हातातली कॉफी माझ्या गल्ल्यावर सांडली,
आणि तू पळालास, गुडघ्यासकट.

तिचे पैसे अजून यायचेत.